निकालसाहेबाचे आठ पासपोर्ट

रविवार, २८ सप्टेंबर. सकाळी ७.१०

गेट रजिस्टरची ही कोरी वही मी रिटायर झालो त्या दिवशी डब्याच्या पिशवीतून चुकून घरी आली. चार वर्षं कपाटात पडून होती. आजपासून वापरात घेत आहे. कारण: वरच्या मजल्यावर राहणारा परदेशी इसम.

नाव मिखाल. देश चेक. (असा देश नक्की आहे का, बघणे.) घोटावड्याच्या पुढे नवीन कारखाना झालाय, तिथे मशीन बसवायला आला आहे. मुदत एक वर्ष. या महिन्याच्या एक तारखेपासून आपल्याकडे भाड्याने. उंची सहा फूट दोन इंच. दाढी. वागणूक नम्र.

पिरंगुटच्या कंपनीत गेटवर मी एकतीस वर्षं काढली. नम्र माणसं मला चांगली माहीत आहेत. ज्याच्याकडे कार्ड असतं तो आधी वैतागतो, मग कार्ड दाखवतो. जो आल्या आल्या नमस्कार घालतो, त्याचं कार्ड घरी राहिलेलं असतं.

आज सायकल घेऊन मुळशी धरणाकडे निघाला. आउट ६.५०. गळ्यात दुर्बीण. फाटकात उभा राहून सहज विचारल्यासारखं पासपोर्टचं विचारलं. हसला. म्हणाला, कपाटात आहे, हरवू नये म्हणून. आणि खिशातून चार घड्या घातलेली झेरॉक्स काढून दाखवली.

झेरॉक्स. झेरॉक्सवर मी एकदा खुद्द आमच्या मालकांना आत सोडलं नव्हतं. वीस मिनिटं बाहेर उभे होते. पुढच्याच आठवड्यात मला मागच्या गेटला नेलं. लोक काहीही म्हणोत, ती बढतीच होती. माल सगळा मागूनच जायचा.

ठराव: त्याचं इन-आउट रोज लिहायचं. बायकोला, म्हणजे नंदाला, या वहीबद्दल बोलायचं नाही.

त्याच दिवशी, दुपारी १२.४०

इन १२.२५. सायकलला गुडघाभर चिखल. पक्षी बघत होतो म्हणाला. पक्षी आपल्या विहिरीवरही येतात.

नंदाने वही बघितली. म्हणाली, बरं झालं, निदान दुपारी घोरणार तरी नाही तुम्ही.

बुधवार, १ ऑक्टोबर

मुलीचा, सृष्टीचा फोन. तिकीट झालं. १५ नोव्हेंबरला येते, बारा दिवसांसाठी. हॉलंडला गेल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. नंदाला रडू आवरेना. मला तसं काही झालं नाही. मी लगेच राजूला फोन लावून मुंबई विमानतळासाठी त्याची गाडी सांगून ठेवली. दीड महिना आधी. डोकं ठिकाणावर असल्याशिवाय हे सुचत नाही.

विषय डोक्यात होताच, म्हणून तिला विचारलं, पासपोर्ट जवळ असतो ना तुझ्या. म्हणाली, नाही बाबा, कपाटात असतो. ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं, पण रेसिडेन्स कार्ड चालतं. ते असतं जॅकेटात.

माझ्या डोक्यावर एक परदेशी पासपोर्टशिवाय हिंडतो आहे म्हणून मी वही उघडली, आणि तिकडे माझी मुलगी तेच करते आहे. चार वर्षं.

मी विचारलं, कार्ड कोणी दिलं. म्हणाली, सरकारने. कुठल्या? इथल्या. म्हटलं, मग ते त्यांचं झालं. परक्या मुलखात उद्या कुणी अडवलं आणि विचारलं, तू कोण, कुठली, कुणाची, तर ते कार्ड काय सांगणार? म्हणाली, कुणी अडवत नाही हो बाबा. मी म्हणालो, अडवत नाहीत ही त्यांच्या गेटची चूक आहे, त्यावर आपण विसंबायचं नसतं.

वाक्य चांगलं जमलं, म्हणून लिहून ठेवलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

शेवटी ऐकलं तिने. रोज घराबाहेर पडताना पासपोर्ट पर्समध्ये टाकायचा आणि त्याचा एक फोटो काढून मला पाठवायचा. म्हणजे हजेरी. पहिला फोटो दुपारी सव्वाला आला, सोबत जीभ काढलेला चेहरा. चेहऱ्याला हरकत नाही, पासपोर्ट दिसतो आहे.

आजपासून चहात साखर बंद.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

अनोळखी नंबरवरून मेसेज. रेश्मा नावाची कुणी बाई. मिखालच्या कंपनीची एचआर म्हणवते. परदेशी भाडेकरूसाठी घरमालकाने फॉर्म भरायचा राहिला आहे, कृपया या लिंकवर भरावा. महिन्याभरात ही तिसरी वेळ.

लिंक. म्हणजे दाबली की खातं साफ. मी काही काल जन्मलो नाही. नंबर ब्लॉक केला.

मिखाल आउट ८.०५, इन ६.४०. साखर संध्याकाळच्या चहात घेतली, पाहुणे होते. पाहुणे म्हणजे मिखालच, पण अतिथी तो अतिथी.

बुधवार, ८ ऑक्टोबर. सकाळी १०

घाईत लिहितो आहे, अक्षराकडे लक्ष देऊ नये.

बयाबाई वर झाडलोट करते. धनगरवाड्यावरची म्हातारी, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण नजर अशी की तीस मेंढरांतलं एक कमी झालं तर लांबून सांगेल. तिला परवा सांगून ठेवलं होतं, साहेबाच्या खोलीत पासपोर्ट दिसतो का बघ. आज झाडू टेकवून म्हणाली, "बगितलं म्या. येक न्हाई, आठ पासपोर्ट हायेत निकालसायबाकडं. टेबलावं पाकीट हाय, त्यात. समदे येकसारके. येकात बी हसत न्हाई गडी."

(निकालसाहेब म्हणजे मिखाल. तिला म जमत नाही असं नाही, तिला ते नावच पटलेलं नाही.)

आठ. मी पुन्हा विचारलं. बोटांवर मोजून दाखवले तिने. आठ.

माणसाला एक देश असतो. एका देशाचा एक पासपोर्ट. आठ पासपोर्ट कुणाला लागतात, ते सांगायला मी लहान मूल नाही. आणि धरण. दुर्बीण. नम्रपणा.

नंदाला सांगितलं नाही. तिच्या तोंडात काही राहत नाही.

त्याच दिवशी, दुपारी २

नंदाला सांगितलं. म्हणाली, आठ कशाला असतील, बयाबाईला काहीतरी वेगळं म्हणायचं असेल. मी म्हणालो, बयाबाई मोजण्यात चुकत नाही. तिने भाजी चिरायला घेतली.

सृष्टीचा फोटो आला. तिचा एकच आहे, निळा, आपला.

रविवार, १९ ऑक्टोबर

मिखाल आता मराठी बोलतो. एकच शब्द, "हो का". पण बरोबर जागी टाकतो. मी म्हणालो, आज भात कापायला माणसं मिळत नाहीत. म्हणाला, हो का. नंदा म्हणाली, चकली बिघडली. म्हणाला, हो का, आणि सहा खाल्ल्या. एका शब्दात एवढं काम काढायचं तर ट्रेनिंग लागतं.

त्यानेच विषय काढला. १५ नोव्हेंबरला तोही सुट्टीवर घरी निघाला आहे, वडील सत्तर वर्षांचे होतात. नंदाने त्याला राजूच्या गाडीचं सांगून टाकलं होतं. जाताना आपण येऊ का बरोबर, येताना तुमची मुलगी येईल, असं इंग्रजीत विचारलं. नंदा लगेच हो म्हणाली.

मी नाही म्हणालो. त्या गाडीत माझी मुलगी बसणार आहे. आठ पासपोर्टांचा माणूस त्या सीटवर चार तास बसून गेलेला मला चालणार नाही.

तो म्हणाला, हो का. पहिल्यांदाच जागा चुकली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सृष्टीच्या खोलीला रंग देऊन झाला. नंदाला वाटतं तिच्यासाठी दिला. भिंतीला ओल आली होती म्हणून दिला. पिवळा निवडला कारण दुकानात तोच होता. तिला पिवळा आवडतो हे नंतर आठवलं.

मिखालने शिडी धरली. मी म्हणालो नव्हतो. शिडी धरून घरातलं सगळं बघून घेतलं असणार. छताच्या कोपऱ्यांना त्याचाच हात पुरला, ती गोष्ट वेगळी.

साखर: या महिन्यात विचार सोडला.

सोमवार, २७ ऑक्टोबर. संध्याकाळी ५

आज पोलीस चौकीत गेलो. इस्त्रीचा शर्ट, ही वही बगलेत. हवालदार वाल्मीक आपल्या शेजारच्या वाडीतला. मी हळू आवाजात म्हणालो, परदेशी भाडेकरूबद्दल आलोय.

त्याला आनंद झाला. जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो, पुढे लागेल.

"बरं झालं आलात बापूसाहेब. त्याचं दोन पासपोर्ट आणलेत का?"

मी खुर्ची पुढे घेतली. म्हणालो, "दोन नाहीत. आठ आहेत त्याच्याकडे."

"आठ काय करायचेत? दोन बास. येक हितं चिकटवायचा, येक फायलीला."

पासपोर्ट चिकटवतात हे मला नवीन होतं. पण खात्याची पद्धत असेल. मी मूळ प्रश्न विचारला, की परदेशी माणसाने पासपोर्ट सतत जवळ बाळगायला पाहिजे की नाही. वाल्मीक म्हणाला, अधिकाऱ्यानं मागितला तर दाखवता आला पायजे, घरात निगुतीनं ठेवलाय ना, मग झालं. आणि मग म्हणाला, त्याचं जाऊ द्या, तुमी फॉर्म भरलाय का.

कुठला फॉर्म?

परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकाने चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. चोवीस तासांत. सत्तावन्न दिवस झालेत. वाल्मीकने माझी वही मागून घेतली, चाळली, आणि म्हणाला की हे चांगलं केलंत, ह्यात येक सप्टेंबरपासनं ऱ्हातो आसं लिहिलंय, म्हंजी सत्तावन्न दिवस तो तुमच्याकडंच हाय ह्याचा पुरावा तुमीच आणलात. कंपनीच्या बाईंनी चौकीतही फोन केला होता म्हणे. घरमालक मेसेज घेत नाहीत, अशी तक्रार.

म्हणजे तक्रार एकाची करायला गेलो आणि नाव माझं आधीच तिथे होतं.

दिलगिरीचा अर्ज लिहून द्यायचा आहे. निघताना म्हणाला, त्याचं दोन आणा आन तुमचं बी दोन पासपोर्ट आणा. मी म्हणालो, मी देशाबाहेर कधी गेलो नाही, माझ्याकडे पासपोर्ट नाही. वाल्मीकने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "स्टुडिओत जावा की मग."

मंगळवार, २८ ऑक्टोबर

फोटो स्टुडिओच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: पाच मिनिटांत आठ पासपोर्ट.

फोटोवाला म्हणाला, हसू नका. हसण्याचा प्रश्नच नव्हता.

घरी येऊन पाकीट टेबलावर ठेवलं. बयाबाईने केर काढताना बघितलं आणि नंदाला सांगायला गेली, "मालकांकडं बी आठ हायेत आता."

नंदाचं हसू संध्याकाळपर्यंत थांबत नव्हतं. मी तिला शांतपणे समजावलं की पासपोर्ट साइजचा फोटो आणि पासपोर्ट यांत घोळ करणं ही या भागातली जुनी चूक आहे आणि तिचा फायदा कुणीही घेऊ शकतो. धरण आणि दुर्बीण यांचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

फॉर्म भरायला रात्र नको म्हणून दुपारीच बसलो. ओटीपी येईना. शेवटी मिखालने भरून दिला. रेश्मा मॅडमना अनब्लॉक केलं. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. वाल्मीककडे चार पासपोर्ट पोचते केले. फोटो म्हणायचं होतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दुपारी १.१५. आजचा फोटो नाही.

१.३०. मेसेज केला: हजेरी?

१.४०. परत केला. परदेशात राहणाऱ्याने एक दिवसही ढिलाई करायची नसते, असंही लिहिलं.

१.५०. आला. घाईत काढला आहे. पासपोर्ट निळ्या सीटवर ठेवलेला, बाजूला खिडकी, खिडकीबाहेर गाई. म्हणजे घरी काढायचा राहून गेला आणि ट्रेनमध्ये काढला. पण काढला. शिस्त लागली पोरीला. मी अंगठा पाठवला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सृष्टीचा पासपोर्ट हरवला.

फोटो काढायला बाहेर काढला, सीटवर ठेवला, फोटो मला पाठवला, तेवढ्यात तिचं स्टेशन आलं. ती उतरली. पासपोर्ट पुढे गेला. कालपासून रेल्वेवाले, पोलीस, सगळीकडे विचारून झालं. मिळाला नाही. तिने आज सांगितलं, काल वाटलं होतं मिळेल.

नंदाने फोन स्पीकरवर ठेवला होता. मी विचारलं, नीट बघितलंस का सगळीकडे. ती म्हणाली, "कपाटात असता तर असता, बाबा."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

नवीन पासपोर्टला काही आठवडे जातील. घरी येण्यापुरता एक कागद वकिलातीतून मिळतो, पण त्यावर परत जाता येत नाही. इथे येऊन नवीन काढायचा तर बारा दिवसांची रजा पुरत नाही. तिकीट रद्द केलं. आता उन्हाळ्यात बघू म्हणते.

चूक रेल्वेची आहे. सीट निळी, पासपोर्ट निळा. दिसणार कसा. हे मी नंदाला सांगितलं. ती म्हणाली, हो. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. मोठा करून बघितला. खिडकीच्या काचेत सृष्टी दिसते, अर्धी. हातात मोबाइल, घाईत. मी दोन मेसेज केले नसते तर ती खिडकीबाहेर बघत बसली असती.

मिखालचं इन-आउट आज लिहिलं नाही. कालचंही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मिखाल खाली आला. नंदाकडून त्याला कळलं. माझ्यासमोर खुर्चीत बसला. "हो का"सुद्धा म्हणाला नाही. मग इंग्रजीत म्हणाला, माझं विमान ॲमस्टरडॅमला बदलतं, पाच तास थांबायचंय, मुलीला काही द्यायचं असेल तर नेतो.

मी म्हणालो, बघू. नंदाने तेव्हाच भाजणी काढायला घेतली होती.

राजूचा फोन आला, गाडी रद्द करायची का. म्हणालो नाही, एक माणूस आहे जाणारा.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी ११.२०

राजू वेळेवर आला. नंदाने ठेवणीतली साडी नेसली होती. का, ते मी विचारलं नाही. ती कुठे जाणार नव्हती.

मिखाल बॅग घेऊन फाटकात थांबला. मी काही विचारायच्या आत पासपोर्ट काढून पुढे धरला. मूळ. लाल, एकच. कपाटात राहिलेला, त्यामुळे कोपरेसुद्धा मुडपलेले नाहीत. मी उघडून फोटो आणि चेहरा ताडून बघितला. फोटोत हसत नाही. समोर हसत होता.

भाजणीचा डबा त्याच्याकडे दिला. नाव, सही, वेळ, काही घेतलं नाही. एकतीस वर्षांत असा माल माझ्या हातून कधी बाहेर गेला नाही.

सृष्टी त्याला विमानतळावर भेटायला येणार आहे. मी म्हणालो, तिला ओळखणार कसा. त्याने मोबाइल दाखवला. मोबाइल बंद पडला तर? नंदा आत गेली आणि एक जुनं पाकीट घेऊन आली. सृष्टी जायच्या आधी तिला घेऊन मीच त्या स्टुडिओत गेलो होतो. आठातले दोन शिल्लक होते. नंदा त्याला म्हणाली, "पोरीचं दोन पासपोर्ट ऱ्हायलेत, येक घेऊन जावा."

बयाबाई माझ्याकडे बघत होती. मी फाटकाची कडी काढली.

मिखाल, आउट ११.०५.

खाली सृष्टीच्या नावापुढे इनचा रकाना सकाळीच आखून झाला होता. सवय. तो तसाच ठेवतो.

दुसरा फोटो माझ्याकडे आहे. हसू नको म्हणाला होता फोटोवाला, तरी ही थोडी हसलीच आहे. बाहेर पडताना शर्टाच्या खिशात ठेवायचा असं ठरवलं होतं. पण वाकलो की पडेल. कपाटात ठेवला.